बेंजोभंते

महाडहून तुडीलच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर उतरून कुणालाही विचारा, महिपत कासारे कुठं राहतो? उत्तर लगेच मिळायचं नाही. आधी माणूस हसेल. मग विचारील, "कोण, बेंजोभंते?" आणि मग हातातलं काम टाकून तुम्हाला थेट बौद्धवाडीतल्या शेवटच्या घराच्या अंगणात पोचवून येईल. वाट दाखवणं हे निमित्त. महिपतच्या तावडीत सापडलेला नवा माणूस सुटतो कसा, हे बघण्याची त्या बाजूला सगळ्यांनाच हौस.

महिपत दिवसा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पोती शिवायचा आणि लग्नसराईत बेंजो पार्टीचा मास्तर व्हायचा. बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर तारा. एका हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. शब्द नाहीत, नुसती चाल. पण ती अशी की ऐकणाऱ्याच्या तोंडात शब्द आपोआप यावेत आणि पायांनी परवानगी न विचारता सुटावं. ढोलकीवर कुशाबा, ताशावर त्याचा भाऊ, आणि भोंगे, जनरेटर, टेम्पो असा सगळा संसार सईदचा. सईद महाडचा, शाळेत महिपतच्या बाकावर बसलेला. दोघांनी मिळून नापास होण्यापासून पार्टी काढण्यापर्यंत सगळं केलेलं.

आता बेंजो वाजवणारे पुष्कळ. महिपतची खोड वेगळी. प्रत्येक गाण्यात त्याला धम्म सापडायचा. कंपनीच्या बसमध्ये कुणाच्या मोबाइलवर प्रेमभंगाचं गाणं लागलं की हा पुढच्या सीटवरून मान वळवायचा.

"ऐका रे. पहिल्या कडव्यात काय म्हणतो? दुःख हाय. दुसऱ्यात? ती गेली म्हणून दुःख हाय. म्हणजे दुःखाला कारण हाय. झाली का नाय दोन आर्यसत्यं?"

"आणि तिसरं, मास्तर?"

"तिसरं इंटरवलनंतर. आणि चौथ्यापर्यंत निर्मात्याचा धीर टिकत नाय, म्हणून तर लोक रडत घरी जातात."

बस हसायची. कुणीतरी मागून "साधु, साधु" ओरडायचं. महिपतला राग यायचा नाही असं नाही, यायचा. पण रागापेक्षा पुढचं गाणं लवकर लागायचं.

हळदीच्या गाण्यांवर तर त्याचं खास प्रेम. तो म्हणायचा, "नवऱ्याला घासघासून पिवळा करतात, दुसऱ्या दिवशी आंघोळीला सगळं उतरतं. त्याला कुणी रडतं काय? नाय. का? कारण हळद उतरणारच हे आधीच ठाऊक हाय. बाकी सगळ्याचं असंच हाय, पण बाकीच्याला आपण हळद म्हणत नाय, माझं म्हणतो." आणि मग ठेवणीतलं वाक्य यायचं. डोळे मिटून, बोट वर करून. "गाणं मुठीत धरता येत नाय. वाजलं की गेलं. गेलं म्हणून गोड."

डोळे मिटायची ही सवय त्याला वाजवतानाही होती. पहिली तार छेडली की पापण्या खाली, आणि वरात मांडवाला लागेपर्यंत तशाच. कुशाबा म्हणायचा, मास्तर झोपेत वाजवतात. महिपत म्हणायचा, "डोळे उघडे ठेवून वाजवतो, त्याचं ध्यान पंगतीत काय वाढलंय तिकडं असतं."

त्याची बायको आवडी. नाव आवडी, पण नवऱ्याची एक गोष्ट तिला आवडल्याचं वाडीत कुणाला आठवत नाही. "ओ, त्या गाण्यात निर्वाण सापडलं असेल तर येताना कोथिंबीरपण सापडते काय बघा," हे तिचं रोजचं. तिचा आवाज काही मोठा नाही. ती बोलायची हळू, पण सुई कापडात शिरावी तशी.

आणि राजेंद्र गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, वाडीचे बौद्धाचार्य. नामकरण असो, लग्न असो, गुरुजींशिवाय त्या पंचक्रोशीत कुणाचा विधी लागत नाही. शर्ट पांढरा, शब्द मोजके, आणि शिस्त अशी की वंदनेला कुणी खोकलं तरी ते पुढच्या ओळीच्या आधी थांबून खोकला संपायची वाट बघणार. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालायचं. वाचन संपलं की महिपत उठायचाच.

"गुरुजी, आता तुम्ही तृष्णेचं वाचलंत, ते आपल्या त्या वरातीच्या गाण्यात..."

"महिपत, विहारात थेटर आणू नकोस."

"मग थेटरात विहार नेऊ काय?"

बायका पदराआड हसायच्या. गुरुजी चष्मा पुसायचे. बरीच वर्षं हा खेळ असाच चालला होता आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याच्याशिवाय करमलं नसतं.

असा हा महिपत. मुलगी झाली तेव्हा हा पन्नास माणसांसमोर बोलून बसला होता की हिच्या लग्नात हिला मांडवापर्यंत मीच वाजवत नेणार. दुसरी पार्टी नाही, डीजे नाही. आवडी त्याच दिवशी म्हणाली होती, "पोरीच्या बापानं पाहुण्यांना हात जोडायचे का बेंजो बडवायचा?" पण शब्द गेला तो गेला. आम्रपाली वाढली, शिकली, महाडजवळच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि पोलादपूरच्या बाजूच्या सुशांतशी तिचं जमलं. लग्न मे महिन्यात ठरलं. बाप नव्या तारा घेऊन आला.

इथपर्यंत सगळं सुरळीत. आता वाडीत एक नवलाची बातमी फिरायला लागली ती ऐका.

महिपत शांत झाला.

म्हणजे खरोखरच. बसमध्ये पोरं चिडवायची, हा नुसता हसायचा. कुशाबा मागून म्हणायचा, "मास्तर, आज दोन सूर घरी विसरलात काय?" याचं लक्ष नाही. आवडी चुलीपाशी बसून सुया टोचायची. हा ओटीवर स्वस्थ. पूर्वी एका टोमण्याला तीन परत यायचे, आता शून्य. बनुबाई नावाची वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, तिनं तर नळावर जाहीर केलं, "आत्ताच आवडीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या, आणि हा तिच्याकडं बघून असा हसला गो, असा हसला, जशी मूर्तीच!"

बातमी विहारात पोचली. गुरुजींनी एका रविवारी वंदनेनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, "माणूस बदलतो. आपल्या महिपतकडं बघा. क्षांती, सहनशीलता म्हणजे काय, ते पुस्तकात शोधायला नको." महिपत पहिल्या ओळीत बसून गुरुजींच्या ओठांकडं टक लावून बघत होता. त्याचं नाव ओठांवर आलेलं त्याला दिसलं. त्यानं हात जोडले. मागं दोघी-तिघींनी डोळे पुसले.

आणि खरी गोष्ट काय होती? त्याला ऐकू येत नव्हतं.

एवढी वर्षं भोंग्याला कान लावून उभा राहिलेला माणूस. आधी कोकिळा गेली, मग कुकरची शिटी, मग मागून मारलेली हाक. आवडीचा हळू आवाज तर फार लवकर गेला. समोरून कुणी बोललं तर ओठांवरून अर्थ लागायचा. बेंजो भोंग्यातून दणदणायचा तेवढा पोचायचा, तोही गोणपाटातून गाळून आल्यासारखा. बाकी सगळं बोटांच्या सवयीवर. पहाटे जाग आली की तो अंधारात चुटकी वाजवून बघायचा. बोटाला बोट लागलेलं कळायचं. आवाज यायचा नाही. मग तो कूस बदलायचा आणि सकाळी पुन्हा बेंजोभंते व्हायचा. लोक त्याला शांत म्हणत होते, त्यात त्याला एक चोरटं सुखही होतं, हे लपवून काय करायचं? बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा अर्हत म्हणवून घेणं कुणाला नको?

पण लपलेली गोष्ट लग्नातच बाहेर येते, हा तर आपल्याकडचा रिवाज.

कशेडीच्या पायथ्याच्या एका गावात लग्न होतं. बौद्ध लग्नात वराती मांडवाशी आल्या, वधूवर मंचावर बसले, की बौद्धाचार्य हात वर करतात. तो हात म्हणजे वाद्य बंद. मग सगळा मांडव उभा राहतो, हात जोडतो आणि त्रिशरण पंचशील सुरू होतं. त्या वेळी लहान पोरंही बोटं तोंडात घालून गप्प उभी राहतात. तर गुरुजींनी हात वर केला. कुशाबा थांबला. ताशा थांबला. लोक उभे राहिले. गुरुजींनी पहिला शब्द उच्चारला.

आणि बेंजो चालूच.

मांडवाच्या तोंडाशी, मंचाकडं पाठ करून, डोळे मिटून, सासूनं सुनेला चिमटा काढल्याचं एक हळदीचं गाणं महिपत रंगात येऊन वाजवत होता. इकडं शरण, तिकडं चिमटा. गुरुजी थांबले, जसे ते खोकल्याला थांबायचे. खोकला संपेना. महिपतनं दुसरं कडवं घेतलं. शेवटी सईद धावला आणि त्यानं भोंग्याच्या मशीनची वायर उपटली. महिपतनं डोळे उघडले, मशीनचा लाल दिवा विझलेला बघितला, आणि त्या चिडीचूप मांडवात, शेकडो जोडलेल्या हातांसमोर, खणखणीत आवाजात विचारलं,

"सईद, लाईट गेली काय रे?"

जोडलेल्या हातांनी हसणं फार अवघड असतं, पण मांडव हसला. नवरी तर मंचावर हलायला लागली.

गुरुजी हसले नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी महिपतला बाजूला घेतलं, ते समोरून बोलले म्हणून शब्द न् शब्द त्याला कळला. "एवढी वर्षं थट्टा समजून ऐकून घेतली मी. आज तू वंदनेवर सिनेमा वाजवून दाखवलास. हा माज हाय, महिपत. आम्रपालीचं लग्न मी लावणार, शब्द दिलाय. पण त्या मांडवात तुझा बेंजो दिसला, तर आल्या पावली परत जाईन."

महिपतच्या जिभेवर खरी गोष्ट आली होती. "गुरुजी, मला..." एवढं म्हणून तो थांबला. सांगितलं तर बेंजो सुटणार, कारण बहिऱ्याला कोण मास्तर म्हणतो? नाही सांगितलं तर गुरुजी जाणार. आणि खरं सांगितलं तर ती क्षांती? तीही उघडी पडणार. त्यानं मान खाली घातली आणि माज पदरात घेतला.

वाडीत मग दोन आठवडे दुसरा विषय नाही. कुणी म्हणे मुद्दाम केलं, कुणी म्हणे बेंजोभंत्यांना वेगळा पंथ काढायचाय. आवडी कुणाशी बोलेना. ती फक्त चुलीपाशी बसून जास्त हळू आवाजात जास्त बारीक सुया टोचत राहिली.

कोडं सोडवलं ते आम्रपालीनं. शाळेत मागच्या बाकावरची पोरं मुद्दाम ऐकत नाहीत की त्यांना ऐकू येत नाही, हे ओळखणं तिचं रोजचं काम. एका संध्याकाळी बाप ओटीवर बसून नव्या तारा ओढत होता. ती त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली,

"बाबा, मला हे लग्न करायचं नाही."

महिपत तार पिळत राहिला.

"बाबा, मी सुशांतला 'नाही' म्हणून सांगून आले."

आत स्वयंपाकघरात पातेलं पडलं आणि आवडी पिठाच्या हातानं धावत आली. "काय गो बोललीस? पत्रिका वाटून झाल्या गो! काय केलंन त्यानं?"

आम्रपालीनं ओठांवर बोट ठेवलं आणि बापाच्या पाठीकडं दाखवलं. पाठ मजेत डुलत होती. "आई, तू आतून ऐकलंस. ते इथं बसून ऐकत नाहीयेत."

आवडी बघत राहिली. मग ती नवऱ्याच्या पाठीशी गेली आणि अगदी हळू, आजवर जितक्या हळू बोलली त्याहून हळू, काहीतरी म्हणाली. ते काय होतं हे आम्रपालीनं कधी कुणाला सांगितलं नाही. टोमणा नव्हता एवढंच सांगते. महिपतनं तार वाजवून बघितली आणि पुढची घेतली.

"म्हणजे इतके दिस मी भिताडाशी भांडत होते?" आवडी म्हणाली आणि तिथंच त्याच्या पाटाला टेकून फतकल मारून रडायला लागली. तिचे हुंदके लाकडी पाटातून महिपतच्या मांडीला कळले, तेव्हा कुठं त्यानं वळून बघितलं. दोघींची तोंडं बघितली आणि समजला.

महाडच्या डॉक्टरनं कान तपासले, नसा सुकल्यात म्हणाला, आणि यंत्र दिलं. यंत्रानं माणसांचं बोलणं बऱ्यापैकी आलं. पण घरी येऊन त्यानं पहिली तार छेडली आणि यंत्र कानातून काढून पाटावर टाकलं. पत्र्याच्या डब्यात उंदीर धावावा तसा त्यातून बेंजो ऐकू येत होता. त्यानं पेटीवर कापड घातलं. रात्री जेवला नाही. आम्रपाली समोर बसली तेव्हा म्हणाला, "सगळ्या तालुक्याला सांगत फिरलो, गाणं मुठीत धरता येत नाय. हळद उतरतेच. आता माझी उतरायला लागली तर मूठच उघडत नाय गो. मग मी काय सांगत होतो एवढी वर्षं? लोकांचंच सांगत होतो. माझं नव्हतंच त्यात."

बेंजोवरचं कापड आठवडाभर निघालं नाही. ते काढलं सईदनं. त्याला सगळं ठाऊक होतं, फार आधीपासून. मास्तरच्या बाजूचा भोंगा दर लग्नाला थोडा थोडा जवळ सरकवत होता तो कोण? सईदच. तो आला, कापड ओढलं आणि म्हणाला, "चल, टेम्पोत बस."

"कुठं?"

"कशेडीपर्यंत."

घाट सुरू झाला तसा सईदनं महिपतचा हात धरून सीटवर ठेवला. "कानावर जाऊ नकोस. मी टेम्पो कानानं चालवतो असं वाटलं काय तुला? मागं भोंगे, बाजूला ट्रक, ऐकू काय येतंय? गेअर कधी टाकायचा ते सीट सांगते. इंजिन थकलं की आधी बुडाला कळतं, मग पायाला. कानाला सगळ्यात शेवटी."

चढावर इंजिनाचा सूर बदलला. महिपतला तो तळव्यात कळला. मग मणक्यात. पुढच्या वळणाला सईदचा हात गेअरवर जायच्या आधी महिपतच म्हणाला, "टाक." सईदनं टाकला आणि हसला. "बघ. अल्लानं कान दोन दिले, पण अंग केवढं दिलंय!"

घरी आल्यावर महिपतनं बेंजो ठेवायचा स्टँड फेकला. पेटीला पट्टा लावून ती गळ्यात घातली, अशी की लाकूड बरोबर छातीच्या हाडावर टेकावं. चपला काढल्या. तार छेडली. आणि ओटीवर उभा राहून तो माणूस कितीतरी वेळ एकच सूर वाजवत राहिला. सूर बरगड्यांत येत होता. हाडांतून फिरत होता. इतकी वर्षं जे बाहेरून ऐकलं ते आत शिरून आतूनच दार वाजवत होतं. दुसरा सूर घेतला तर तो थोडा वर, गळ्याच्या खाचेत. तिसरा आणखी वर. आवडी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि, बनुबाई शेजारून बघत होती म्हणून सांगता येतं, एक अक्षर बोलली नाही.

पण बेंजो वाजायला लागला म्हणून लग्नात वाजणार होता थोडाच? गुरुजींचा शब्द आडवा होताच. तो बाजूला करायला एकच उपाय होता आणि तो गिळायला औषधापेक्षा कडू.

पौर्णिमेच्या वंदनेला विहार भरला होता. वंदना संपली तसा महिपत उठला. लोकांनी मनाची तयारी केली, आता गाणं येणार. गुरुजींनी चष्मा काढला.

"गुरुजी, त्या दिवशी माज नव्हता. मला ऐकू येत नाय." त्यानं कानातलं यंत्र काढून सगळ्यांना दाखवलं, जसा मास्तर वर्गाला खडू दाखवतो. "आणि आणखी एक. तुम्ही मला शांत म्हणालात ना सगळ्यांनी, ते पण खोटं. तुम्ही काय चिडवता ते मला कळतच नव्हतं. कळलं असतं तर एकेकाला सोडला नसता. कुशाबा, तुला तर आधी."

हसू यावं की रडू, हे विहाराला ठरवता येईना. कुशाबा भिंतीकडं बघायला लागला. गुरुजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग चालत आले, महिपतच्या अगदी समोर उभे राहिले आणि एकेक शब्द ओठांनी नीट घडवत म्हणाले, "माझं चुकलं. मी माज बघितला, माणूस बघितला नाय." आणि पुढं, "पोरीच्या लग्नात वाजव. मी हात वर करीन. तू मंचाकडं तोंड करून उभा राहा. आणि महिपत..."

"जी?"

"डोळे उघडे ठेव."

लग्न वाडीखालच्या मोकळ्या शेतात होतं, पलीकडं सावित्री नदी वाळूत आडवी पडलेली. भोंग्यांच्या दणक्यात यंत्र किंचाळतं म्हणून महिपतनं ते सकाळीच काढून आवडीच्या बटव्यात टाकलं होतं. अनवाणी, अंगात नवा सदरा, छातीला बेंजो. घरापासून आम्रपाली निघाली आणि बापानं पहिली तार छेडली. सवयीनं पापण्या खाली जाऊ लागल्या. त्याला गुरुजी आठवले. त्यानं डोळे उघडे ठेवले.

आणि मग त्याला दिसलं.

उभ्या आयुष्यात या माणसानं आपलं वाजवणं कधी बघितलंच नव्हतं. किती लग्नं, किती वराती, सगळ्या पापण्यांच्या आत. बाहेर काय होतं याची त्याला कल्पनाच नव्हती. आता चाल वर गेली तशी बनुबाईची काठी जमिनीवरून वर उचलली गेलेली त्यानं बघितली. तिच्या तोंडात दात नाहीत, पण ओठ त्याच गाण्याचे शब्द म्हणत होते. कारखान्यात त्याच्या बाजूला पोती शिवणारा एक घुमा माणूस, कधी वर न बघणारा, दोन्ही हात आभाळाकडं करून नाचत होता. चाल खाली आली, सगळं शेत खाली वाकलं. चाल फिरली, शेत फिरलं. सुशांतच्या गावचे पाहुणे, ज्यांना तो ओळखतही नव्हता, त्यांच्या खांद्यांतून त्याच्या बोटातली हरकत जाताना दिसत होती. आणि गर्दीच्या मधोमध आवडी. हो, आवडी! पदर खोचून, डोळे मिटून. जशी ती रोज नाचत असावी. एवढी वर्षं वरातीत ती त्याच्या मागंपुढं नाचत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

त्याची बोटं चालत होती, पण तोंड उघडं राहिलं होतं. गाण्यात धम्म आहे असं तो सांगत आला होता. तो कुठं असतो, हे त्यानं आज बघितलं. कुशाबा नंतर सांगायचा की मास्तरच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि एक सूर चुकला नाही.

वरात मांडवात आली. आम्रपाली मंचावर सुशांतशेजारी बसली. गुरुजी उठले. महिपतची नजर त्यांच्या उजव्या हाताला खिळलेली. हात वर गेला.

बेंजो थांबला. जिथल्या तिथं, सुराच्या मध्यावर, चाकूनं कापल्यासारखा. कुशाबाची ढोलकी मात्र रंगात होती, ती दोन ठेके पुढं गेली, आणि ताशा तीन. मग त्यांनाही भान आलं. लोकांनी कुशाबाकडं बघितलं. कुशाबानं आपल्या ढोलकीकडं बघितलं, जसा गुन्हा तिचा.

सगळा मांडव उभा राहिला. हात जोडले गेले. महिपतनंही जोडले, छातीवरच्या बेंजोच्या वर. त्याला ठाऊक होतं की आता त्रिशरण सुरू होईल आणि ते आपल्याला ऐकू यायचं नाही. पोरीच्या लग्नातली वंदना बापाला ऐकू येणार नाही, हे त्यानं घरून निघतानाच मान्य केलं होतं. मूठ उघडली होती.

गुरुजींचे ओठ हलले. मग सगळ्यांचे.

आणि त्याच्या छातीवरची पेटी थरथरली.

त्यानं दचकून खाली बघितलं. बोटं तारांवर नव्हती. कुणी हात लावला नव्हता. पण शेकडो माणसांचा एकत्र आवाज मांडवातून येऊन त्या रिकाम्या लाकडात शिरत होता आणि तारा आपण होऊन हलत होत्या. पुढची ओळ आली, पुन्हा थरथर, छातीच्या हाडात, गळ्याच्या खाचेत. थांबली. पुन्हा आली. तीच लय, लहानपणापासून तोंडात बसलेली. कुठला शब्द चाललाय हे त्याला बरगड्या सांगत होत्या. जन्मभर त्यानं ही पेटी वाजवली होती. ती ऐकतही असते, हे ती गप्प असताना, तो गप्प असताना, आज पहिल्यांदा कळत होतं.

त्याचे ओठ हलायला लागले. आम्रपालीनं मंचावरून बघितलं की बाप वंदना म्हणतोय, सगळ्यांबरोबर, एका अक्षराचाही फरक न पडता. गुरुजींनी पुढची ओळ घ्यायच्या आधी एक क्षण जास्त घेतला. खोकला कुणी काढला नव्हता. पण ते थांबले एवढं खरं.

पंगतीत पोरांनी महिपतला घेरलं. "बेंजोभंते, आज काय? आज कुठल्या गाण्यात काय सापडलं?" सगळे कान टवकारून बसले. अशा मौक्यावर हा माणूस तासभर सोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

महिपतनं त्यांच्याकडं बघितलं, हसला आणि भातावर आमटी ओतून घेतली.

बस. तेव्हापासून तो कुणाला काही शिकवत नाही. वाजवतो, डोळे उघडे ठेवून. चिडवलं तर हसतो. यंत्र कधी कानात असतं, कधी खिशात, आणि केसांत ते दिसत नाही. म्हणून वाडीत आता दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, खरा शांत झाला. दुसरा म्हणतो, छट, ऐकूच येत नाय त्याला. नळावर यावरून रोज वाद. निकाल देऊ शकेल अशी एकच बाई आहे, ती म्हणजे आवडी. ती अजूनही त्याच्या पाठीमागं उभी राहून हळू आवाजात काहीतरी पुटपुटत असते. बनुबाईनं एकदा तिला हटकलंच. "आवडे, खरं सांग गो. त्याला ऐकू येतं का नाय?"

आवडी हंडा डोक्यावर घेत म्हणाली, "मला ठाऊक हाय. पण सांगणार नाय."

आणि जाताना, म्हणे, ती लाजली.